मार्क कमी पडले... दाद मागायची कुठे?



रिझल्टच्या रात्री होस्टेलमध्ये कुणी झोपत नाही. साइट हँग झालेली असते, एकाच्या हॉटस्पॉटवर दहा जण लटकलेले असतात, आणि मध्येच कुणीतरी "लागला रे!" म्हणून ओरडतं. मग अर्धा तास कॉरिडॉरमध्ये नुसता गोंधळ. तो ओसरला की एखाद्या रूममधून एकच वाक्य ऐकू येतं, "अरे पण पेपर तर चांगला गेला होता!"

गेल्या वर्षी ते वाक्य माझं होतं. विषय एम-थ्री. पासिंगला चार मार्क कमी. दुसऱ्या दिवशी सकाळी राहात्याच्या स्टँडजवळ चहा पिताना चौघांनी मला चार सल्ले दिले. एक म्हणाला, "रिव्हॅल टाक." दुसरा म्हणाला, "झेरॉक्स मागव आधी." तिसरा, "माहितीच्या अधिकारात अर्ज ठोक." चौथ्याने तर "ग्राहक मंचात खेच त्यांना" इथपर्यंत मजल मारली. गंमत अशी की या चारही गोष्टींत नेमकं काय होतं हे त्या चौघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. नंतर परीक्षा विभागाच्या खिडकीवर चकरा मारून, परिपत्रकं वाचून आणि वकिली करणाऱ्या एका काकांचं डोकं खाऊन जे कळलं ते इथे लिहीत आहे. पुढच्या रिझल्टच्या रात्री कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

हा विषय चार मार्कांपुरता नसतो, हे आपल्याकडच्या मुलांना वेगळं सांगायला नको. कॅम्पसला येणारी कंपनी पहिल्याच स्लाइडवर "नो लाइव्ह बॅकलॉग" लिहिते. वायडी लागला तर वर्षभराची मेस आणि रूमभाडं डोक्यावर बसतं. घरी पेरूच्या बागेत नाहीतर उसात राबणाऱ्या माणसाला "एक विषय राहिलाय" हे सांगताना तोंडातून शब्द फुटत नाही. म्हणून मग दोनच गोष्टी घडतात. काही जण गप्प बसतात आणि पुन्हा फॉर्म भरतात. काही जण रागाच्या भरात सगळ्या विषयांची रिव्हॅल टाकून मोकळे होतात. दोन्हीमध्ये एक गोष्ट राहून जाते. आपण लिहिलेला पेपर तपासल्यानंतर कसा दिसतो, हे कुणी पाहिलेलंच नसतं.

एकाच नावाखाली तीन गोष्टी

आपण सगळ्यालाच "रिव्हॅल" म्हणतो, पण त्यात तीन वेगळी कामं आहेत. बारावीचं उदाहरण घेऊ, कारण त्या चक्कीतून आपण बहुतेक जण गेलेलो आहोत. राज्य मंडळाच्या पुणे विभागात पुणे आणि सोलापूरबरोबर आपला जिल्हाही येतो. तिथे एका विषयाच्या गुणपडताळणीला ५० रुपये, उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीला ४०० रुपये आणि पुनर्मूल्यांकनाला ३०० रुपये अशी अलीकडच्या वर्षांतली फी आहे. तीन फी वेगळ्या, कारण तीन कामं वेगळी.

गुणपडताळणीत तुमचं उत्तर कुणी पुन्हा वाचत नाही. सगळ्या प्रश्नांना मार्क दिलेत का, आतले मार्क पहिल्या पानावर आलेत का, बेरीज बरोबर आहे का, एवढंच पाहतात. छायाप्रत म्हणजे तपासलेल्या पेपरची झेरॉक्स. तिने मार्क वाढत नाहीत, फक्त काय झालं ते दिसतं. पुनर्मूल्यांकन म्हणजे दुसरे परीक्षक उत्तरं नव्याने तपासतात. मंडळाने इथे एक शहाणपणाची अट घातली आहे. आधी छायाप्रत घ्यायची आणि ती मिळाल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायचा. म्हणजे पेपर न बघता भांडायला जाता येत नाही.

इंजिनिअरिंगला तत्त्व हेच आहे, आकडे आणि तारखा मात्र वेगळ्या. आपल्या भागातली पदवीची कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे बघतात, डिप्लोमावाले मित्र तंत्रशिक्षण मंडळाकडे, आणि स्वायत्त कॉलेजं स्वतःच्या परीक्षा विभागाकडे. प्रत्येक निकालानंतर एक परिपत्रक निघतं. अर्जाची शेवटची तारीख, फी, आणि किती मार्कांचा फरक पडला तर बदल धरला जाईल, हे त्यात असतं. हा शेवटचा मुद्दा कुणी वाचत नाही! फरक ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असेल तर जुनेच मार्क कायम, असा नियम असू शकतो. मार्क कमी होण्याचीही शक्यता असते. म्हणून सीनियरने दोन वर्षांपूर्वी सांगितलेल्या नियमावर विसंबू नका, पॅटर्न बदलतो तसे हे नियमही बदलतात. परिपत्रक स्वतः उघडून वाचा. दोन पानांचं तर असतं.

आणि तारीख म्हणजे तारीख. सही राहिली, फी भरायची राहिली, गावाला गेलो होतो, यातलं काही चालत नाही. आमच्या मजल्यावरच्या एकाने अर्ज भरला, पैसे भरले, पण कॉलेजकडून तो पुढे पाठवायचा राहिला, आणि हे त्याला कळलं तेव्हा लिंक बंद झाली होती. ऑनलाइन अर्ज केला म्हणजे काम झालं असं समजू नका. पावती डाउनलोड करून परीक्षा विभागात दाखवा आणि "पुढे गेला का?" असं तोंडाने विचारा.

पेपर बघायचा हक्क कुठून आला?

आज आपण सहज म्हणतो, "झेरॉक्स मागव." पण आपल्या आई-वडिलांच्या पिढीला हे शक्य नव्हतं. आणि त्याची गोष्ट महाराष्ट्रातूनच सुरू होते.

राज्य मंडळाच्या १९७७ च्या विनियमांत १०४ क्रमांकाचा एक नियम होता. पडताळणी फक्त बेरजेपुरती होईल, पुनर्मूल्यांकन मागता येणार नाही आणि उत्तरपत्रिका बघायलाही मिळणार नाही, असा त्याचा अर्थ. बारावीच्या काही विद्यार्थ्यांनी याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं आणि ते तिथे जिंकलेसुद्धा. मंडळ सर्वोच्च न्यायालयात गेलं. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ विरुद्ध परितोष भूपेशकुमार शेठ, या नावाने तो खटला ओळखला जातो. १७ जुलै १९८४ रोजी निकाल लागला आणि विद्यार्थी हरले. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं की, परीक्षेचा निकाल कधीतरी अंतिम व्हायला हवा. लाखो मुलं बसतात, प्रत्येकाला पेपर दाखवायचा आणि पुन्हा तपासायचा म्हटलं तर यंत्रणाच ठप्प होईल. नैसर्गिक न्यायाचं तत्त्व पेपर तपासणीपर्यंत ताणता येणार नाही, आणि शिक्षणातल्या जाणकारांनी ठरवलेल्या गोष्टीत कोर्टाने आपलं मत घुसडू नये.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला याचा राग आला. पण खरं सांगायचं तर यातला अर्धा भाग पटतो. निकाल कधीच अंतिम होणार नसेल तर अॅडमिशन, स्कॉलरशिप, नोकरी, सगळंच टांगणीला लागेल. न पटणारा भाग दुसरा आहे. पुन्हा तपासणं वेगळं आणि निदान दाखवणं वेगळं. दाखवल्याने काय बिघडतं?

नेमका हाच फरक पुढे २७ वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने केला. मधल्या काळात देशात माहितीचा अधिकार आला होता. (इथे आपल्या जिल्ह्याने थोडी कॉलर ताठ करायला हरकत नाही. या कायद्यासाठी आंदोलन करणारे अण्णा हजारे पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचे, आणि केंद्राचा २००५ चा कायदा येण्याआधीच महाराष्ट्राने २००२ चा स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता.) आदित्य बंदोपाध्याय या विद्यार्थ्याने २००८ साली सीबीएसईची दहावीची परीक्षा दिली. मार्क अपेक्षेपेक्षा कमी आले म्हणून त्याने उत्तरपत्रिका मागितल्या, बोर्डाने नकार दिला. कोलकाता उच्च न्यायालयाने २००९ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

त्या निकालातला युक्तिवाद मला आवडला. कोरी उत्तरपत्रिका आपण भरतो, पण परीक्षकाने तिच्यावर मार्क टाकले की ती त्याचं मत नोंदवलेला कागद बनते, म्हणून ती कायद्याच्या अर्थाने माहिती आहे. बोर्ड म्हणत होतं, हा पेपर आम्ही विश्वासाने सांभाळतो, उघड करता येत नाही. कोर्टाने विचारलं तसं आपणही विचारू शकतो, ज्याने तो लिहिला त्याच्यापासूनच लपवायचा तो कसला विश्वास? मात्र तीन गोष्टी कोर्टाने बजावून सांगितल्या. परीक्षकाचं नाव मिळणार नाही, त्याच्या सुरक्षिततेसाठी. पेपर नियमानुसार जितका काळ जपून ठेवतात तेवढ्याच काळात तो मागता येईल. आणि पेपर बघायचा हक्क म्हणजे पुन्हा तपासून घ्यायचा हक्क नव्हे. तो विद्यापीठाच्या किंवा मंडळाच्या नियमांत असेल तरच.

माझी झेरॉक्स

आता माझ्या एम-थ्रीचं सांगतो. मी छायाप्रत मागवली. मनात पूर्ण खात्री होती की कुणीतरी घाईत तपासलंय, लॅप्लासचं सात मार्कांचं गणित बघितलंच नसणार. प्रत आली. रूम पार्टनरला बाजूला बसवून मोठ्या दिमाखात ती उघडली. लॅप्लासचं गणित तपासलेलं होतं. दुसऱ्याच ओळीत माझं चिन्ह चुकलं होतं आणि तरीही परीक्षकांनी पायऱ्यांचे तीन मार्क दिले होते. पुढे पाहिलं तर "क्यू ५ किंवा क्यू ६" मध्ये मी क्यू ५ चा एक भाग आणि क्यू ६ चे दोन भाग सोडवले होते! दोन पर्यायांची भेळ. ज्याचे जास्त होते ते धरले आणि उरलेले गेले. माझे चार मार्क तिथे होते, आणि ते मीच घालवले होते.

मी पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केला नाही. ती फी वाचली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पुढच्या वेळी कुठे चुकायचं नाही ते कळलं. माझ्या एका मित्राच्या बाबतीत मात्र उलटं झालं (तो कुठे शिकतो ते सोडून द्या). त्याच्या पुरवणीतल्या शेवटच्या उत्तरावर पेनचा एक ठिपकाही नव्हता. मार्क नाही, शून्य नाही, काट नाही. त्याने अर्जात तेवढंच लिहिलं आणि त्याचा विषय निघाला.

तर झेरॉक्स हातात आली की आधी रडगाणं बाजूला ठेवा आणि हिशेबनीसासारखी बघा. पानं सगळी आहेत का? पुरवणी जोडलेली आहे का? प्रत्येक उत्तरावर काहीतरी खूण आहे का? मार्कही नाही आणि शून्यही नाही असं उत्तर सापडलं तर ती सगळ्यात भक्कम तक्रार, कारण त्यात मताचा प्रश्नच नाही. मग आतले मार्क आणि पहिल्या पानावरचा तक्ता जुळवा. एखादा ६ तिकडे ० झालाय का? बेरीज स्वतः करा, कॅल्क्युलेटरवर, दोनदा. पर्यायी प्रश्नात दोन्ही सोडवले असतील तर कोणते धरलेत ते बघा. एवढं होईपर्यंत उत्तर बरोबर की चूक यात शिरूच नका.

त्यानंतर उत्तरांकडे या. आणि इथे एकट्याने निर्णय घेऊ नका. स्वतःचं उत्तर स्वतःला बरोबरच वाटतं, नाहीतर तसं लिहिलं कशाला असतं? विषय शिकवणाऱ्या सरांकडे किंवा मॅडमकडे प्रत घेऊन जा. त्यांनी स्वतः कॅप सेंटरला पेपर तपासलेले असतात. कुठे पायऱ्यांचे मार्क मिळायला हवे होते आणि कुठे आकृतीला नाव नाही म्हणून गेले, हे ते पाच मिनिटांत सांगतात. त्यांना "सर, मला किती द्यायला हवे होते?" असं न विचारता "सर, तुम्ही हा पेपर तपासला असता तर किती दिले असते?" असं विचारा. उत्तर वेगळं येतं, अनुभव आहे.

सर म्हणाले की सात-आठ मार्कांचा फरक दिसतो, तर जरूर अर्ज करा. ते म्हणाले एक-दोन, तर परिपत्रकातली मर्यादा काढून बघा आणि मग ठरवा.

ज्या गोष्टी रिव्हॅलमध्ये बसतच नाहीत

खिडकीवरच्या रांगेत मी निम्मी मुलं चुकीच्या कामासाठी उभी असलेली पाहिली. पेपर दिला आणि मार्कशीटवर गैरहजर आलं, तर ते पुनर्मूल्यांकनाचं काम नाही. त्या दिवशीच्या हजेरीपत्रकावर तुमची सही असते, ज्युनिअर सुपरवायझरच्या रिपोर्टमध्ये तुमचा बैठक क्रमांक आणि उत्तरपत्रिकेचा क्रमांक असतो. कॉलेजच्या परीक्षा अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करायचा आणि ही कागदपत्रं जोडून तो पुढे पाठवायला सांगायचं. निकाल राखून ठेवला असेल तर आधी कारण विचारा. बहुतेक वेळा पात्रतेचं एखादं कागदपत्र नाहीतर फी अडकलेली असते.

टर्मवर्क, ओरल, प्रॅक्टिकल यांचं पुनर्मूल्यांकन होत नाही. व्हायवा पुन्हा तपासणार तरी कसा? तिथे अन्याय झालाय असं वाटत असेल तर वेगळी वाट आहे, ती पुढे येईलच. आणि पेपरातच चूक असेल, म्हणजे प्रश्न सिलॅबसबाहेरचा किंवा आकडेच चुकीचे छापलेले, तर निकालाची वाट बघत बसू नका. पेपर सुटल्या सुटल्या विषयाच्या सरांना सांगा, त्यांच्यामार्फत लेखी जाऊ द्या. तपासणी सुरू होण्याआधी ते पोचलं तर सगळ्यांचाच फायदा होतो. निकालानंतर एकट्याने ओरडून काही होत नाही.

निकालच लागत नसेल तर? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ च्या कलम ८९ नुसार परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत निकाल लावायचा आहे. हे मोडल्यावर काय होतं ते मुंबई विद्यापीठाने २०१७ साली दाखवलं. ऐन परीक्षेच्या हंगामात सगळे पेपर स्कॅन करून कॉम्प्युटरवर तपासायचे ठरवलं, सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका आणि ४७७ परीक्षा. निकाल महिनोनमहिने रखडले, कुणाची पुढची अॅडमिशन गेली, आणि निकाल लागल्यावर पुनर्मूल्यांकनाच्या अर्जांचा ढीग पडला. राज्यपालांनी कुलपती म्हणून तारखा ठरवून दिल्या, तरी त्या पाळल्या गेल्या नाहीत. शेवटी २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आलं. ऑनस्क्रीन तपासणी ही कल्पना वाईट नव्हती. तयारी न करता ती एकाच हंगामात सगळ्यांवर लादली, हे वाईट.

त्यानंतरची दारं

अर्ज केला, उत्तर आलं नाही. किंवा गैरहजेरीचा घोळ सुटला नाही. किंवा टर्मवर्कमध्ये उघड दुजाभाव झाला. अशा वेळी तक्रार निवारण समिती असते. यूजीसीने एप्रिल २०२३ मध्ये विद्यार्थी तक्रार निवारणाचे नवे विनियम काढले. प्रत्येक संस्थेत प्राध्यापकांची समिती हवी, त्यात विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी विशेष निमंत्रित म्हणून हवा. अपारदर्शक किंवा अन्यायकारक मूल्यमापन आणि निकालाला होणारा उशीर, हे दोन्ही त्यांच्या व्याख्येत तक्रार म्हणून लिहिलेलं आहे. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. तो मान्य नसेल तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील, आणि लोकपालाने ३० दिवसांत ते निकाली काढायचं. लोकपाल निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असतो.

पण इथेही तीच मेख आहे. नुसतं "पेपर पुन्हा तपासा" असा अर्ज लोकपाल घेत नाही. निकालावर परिणाम करणारी ठरावीक अनियमितता किंवा भेदभावाचा ठरावीक प्रसंग दाखवावा लागतो. म्हणजे फिरून पुन्हा झेरॉक्सवरच आलो. "माझ्यावर अन्याय झाला" या वाक्याला कुणी विचारत नाही. "पुरवणी क्रमांक २, पान ३, प्रश्न ७ ब, मार्क दिलेले नाहीत" या वाक्याला उत्तर द्यावंच लागतं.

माहितीच्या अधिकाराचं काय? अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, प्रतीचे पानाला २ रुपये, आणि माहिती ३० दिवसांत. ती मिळाली नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील (त्याला २० रुपयांचा स्टँप), आणि तिथेही समाधान झालं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेने आपल्या विद्यार्थ्यांना प्रतीसाठी ५०० रुपये लावले होते. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये सांगितलं की संस्थेच्या योजनेतून मागायची की माहिती अधिकारातून, हे विद्यार्थ्याने ठरवायचं, आणि माहिती अधिकारातून मागितली तर फी त्याच कायद्याची. मग सगळे तिकडूनच का जात नाहीत? साधं गणित आहे. माहिती यायला ३० दिवस लागतात आणि पुनर्मूल्यांकनाची खिडकी त्याच्या कितीतरी आधी बंद होते. स्वस्तातली झेरॉक्स हातात येते आणि तिचं करायचं काय हा प्रश्न उरतो. म्हणून प्रतीसाठी विद्यापीठाची वाट धरा, आणि आपला अर्ज कुठे अडकला, कोणत्या नियमाने नाकारला, हे काढायला माहितीचा अधिकार वापरा. तिथे तो फार कामाचा आहे.

चौथ्या मित्राचा ग्राहक मंच मात्र बाद. बिहार शालेय परीक्षा मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सांगून टाकलं की परीक्षा घेणारं मंडळ सेवा विकत नाही आणि परीक्षा देणारा ग्राहक नसतो. त्या खटल्यात दोन मुलांना एकच रोल नंबर दिला गेला होता, तरीसुद्धा!

राहिलं उच्च न्यायालय. आपला जिल्हा छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, खंडपीठाकडे येतो. रिट याचिका करता येते, पण तिथे काय मिळतं ते आधी समजून घ्या. ११ डिसेंबर २०१७ च्या रणविजय सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सगळे जुने निकाल एकत्र करून नियम मांडले. नियमात पुनर्मूल्यांकन असेल तर ते देता येईल. नसेल तर, लांबलचक तर्क न लढवता उघड दिसणारी ठळक चूक असेल तरच, आणि तेही क्वचित. कोर्ट स्वतः पेपर तपासणार नाही. शंका उरली तर तिचा फायदा परीक्षा घेणाऱ्याला, विद्यार्थ्याला नाही. फौजदारी खटल्यात आरोपीला मिळतो तो संशयाचा फायदा इथे आपल्याला मिळत नाही, हे वाचून मी दोन मिनिटं गप्प बसलो होतो.

वस्तुनिष्ठ परीक्षांची गोष्ट थोडी निराळी आहे. तिथे चूक दाखवणं सोपं असतं. १९८३ च्या कानपूर विद्यापीठाच्या खटल्यापासून नियम असा आहे की उत्तरसूची बरोबर मानायची, पण ती उघडपणे चुकीची सिद्ध झाली तर विद्यार्थ्याला शिक्षा नको. २०२४ च्या नीटमध्ये फिजिक्सच्या एका प्रश्नाची दोन उत्तरं बरोबर धरली होती. सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आयआयटीच्या तीन तज्ज्ञांना विचारलं, त्यांनी एकच बरोबर सांगितलं, आणि सुधारित निकालात ७२० पैकी ७२० वाले ६१ वरून १७ वर आले. एका प्रश्नाने! सीईटी किंवा गेट देणाऱ्यांनी म्हणूनच तात्पुरती उत्तरसूची आल्यावर आक्षेपाच्या तारखा चुकवू नयेत. पुस्तकाचं पान जोडून आक्षेप घेता येतो तो तेव्हाच. अंतिम सूची लागली की दार बंद.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. हॉल तिकीट, प्रश्नपत्रिका आणि फीच्या पावत्या निकाल लागेपर्यंत फेकू नका. प्रश्नपत्रिकेवर कोणते प्रश्न सोडवले तेवढीच खूण परीक्षा संपल्यावर, हॉलबाहेर आल्यावर करा (आत केली तर कॉपी केस होईल). अर्ज द्याल त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि तिच्यावर आवक क्रमांक व शिक्का घ्या. तोंडी सांगितलेलं खिडकीवरच राहतं.

माझा एम-थ्री पुढच्या सेमिस्टरला निघाला. क्यू ५ किंवा क्यू ६ आला तेव्हा आधी क्यू ६ वर पेन्सिलीने मोठी फुली मारली आणि मग लिहायला घेतलं. ती झेरॉक्स अजून घरी आहे. आईने तिला काहीतरी महत्त्वाचा सरकारी कागद समजून सातबाऱ्याच्या फायलीत ठेवलंय, आणि मीही अजून तिला काही सांगितलेलं नाही.